गावभागातल्या छापखान्याचा बॅकअप: कामाच्या नोंदी

१९ मे

अण्णांचा फोन. "पोरी, मशीन बंद नाही, पण फोल्डर गेलाय." सांगलीत गावभागात त्यांचा छापखाना आहे: लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. बाबांचे जुने मित्र, त्यामुळे काम असो नसो, चहा ठरलेला.

जाऊन पाहिलं. दादांनी (डीटीपी ऑपरेटर, वीस वर्षं इथेच) मार्चमध्ये डिस्क भरली म्हणून मागच्या वर्षीच्या अहवालांचा फोल्डर उडवला. "ऑनलाइन कॉपी आहे की," हा भरवसा. पण ती होती फुकटची सिंक सेवा. सिंक म्हणजे आरसा. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं. त्या सेवेची कचरापेटी तीस दिवसांची, आणि आता दोन महिने होत आले. डिस्कवरून परत मिळतंय का ते पाहिलं, पण त्यावर लग्नसराईचा अख्खा हंगाम लिहून झालाय. तुकडे निघाले, फाईल एकही धड नाही.

पाच पतसंस्थांचे अहवाल गेले. ऑगस्टमध्ये त्यांचेच साचे लागणार आहेत. छापील प्रती समोर ठेवून पुन्हा टाइप करायचे, दुसरा उपाय नाही. दादा दिवसभर माझ्याशी नजर चुकवून बोलत होते.

अण्णांना म्हटलं, यावर नीट काम करू. पंधरा दिवस लागतील. (नोंद लिहिताना हे वाक्य वाचून हसू येतंय.)

२१ मे

मोजणी. तीन संगणक, शिवाय विश्रामबागेत घरी काकूंचा लॅपटॉप.

अण्णांचं यंत्र: टॅली, बिलं, पत्रव्यवहार, ३८ जीबी. दादांचं यंत्र: कोरल, फोटोशॉप, पीडीएफ. एक टीबीच्या डिस्कवर ८२० जीबी, पैकी जवळपास तीनशे जीबी कीर्तनांचे आणि मालिकांचे व्हिडिओ. "दुपारी डोळा लागू नये म्हणून," दादा. कोपऱ्यातला म्हातारा: विंडोज ७, पेजमेकर ७ (पानं मांडायचा जुना प्रोग्रॅम), श्री-लिपी या मराठी टाइपिंगच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (परवान्याची खोचायची किल्ली) मागे खोचलेलं, ११० जीबी. पतसंस्थांचे सगळे अहवाल अजून याच्यावर होतात. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, पेजमेकर ७ तर २००१ चा. बदलू का विचारलं, तर दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की मी घरातली गाय विकायला सांगितली.

काकूंचा लॅपटॉप १६० जीबी. फोटो, आणि त्यांच्या भिशीचा एक्सेलमधला हिशेब. भिशीचा हिशेब टॅलीपेक्षा नीट आहे, हे अण्णांना सांगितलं नाही.

कीर्तनं आणि प्रोग्रॅम वगळून सगळं मिळून अंदाजे ६५० जीबी.

२२ मे

जुन्या बॅकअपचं काय झालं ते विचारलं. होता. २०१९ पर्यंत सीडी आणि एक बाहेरची डिस्क, खालच्या कपाटात. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांपलीकडे गेलं. धोक्याची पातळी ४५. माणसांनी संगणक डोक्यावर धरून माळ्यावर नेले, कपाट राहिलं. संगणक वाचले, बॅकअप बुडाला. २०२१ ला पुन्हा पाणी. त्यानंतर कुणी बॅकअपचं नाव काढलं नाही.

म्हणून पहिली अट लिहून ठेवली: एक प्रत कृष्णेच्या आवाक्याबाहेर. विश्रामबाग उंचावर आहे, तिथे एक. दुसरी सांगलीच्याच बाहेर. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकारामुळे रूढ झालेला ३-२-१ चा हिशेब हेच सांगतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. छापखान्याला एवढं पुरेसं आहे.

२५ मे

सेवा निवडण्यात अख्खा रविवार गेला. डॉलर ८५ रुपये धरला.

पहिला प्रकार, घरगुती 'अमर्याद' सेवा. उदाहरणार्थ बॅकब्लेझ: एका संगणकाला वर्षाला ९९ डॉलर, हवा तेवढा डेटा. दोन यंत्रांचे १६,८०० च्या पुढे. बसवायला सर्वांत सोपी, दादाही बसवतील. पण नेटवर्कवरची डिस्क त्यात धरत नाहीत, आणि विंडोजचं फोल्डर, प्रोग्रॅम वगैरे ती आपणहून वगळते. एकट्या माणसाच्या लॅपटॉपला उत्तम. आपल्याला म्हाताऱ्याचा डेटा दुसऱ्या यंत्रावरून चढवायचाय, आणि खर्चही जास्त.

दुसरा, नुसती जागा भाड्याने घ्यायची आणि बॅकअपचा प्रोग्रॅम आपला लावायचा. अॅमेझॉनचं मुंबईतलं केंद्र (२०१६ पासून आहे): साध्या साठवणुकीला जीबीमागे महिन्याला अडीच सेंट, म्हणजे ६५० जीबीला महिना सुमारे १,३८०. चढवायला फुकट, उतरवायला मात्र पैसे. पुरानंतर सगळं परत मागितलं तर एकदाचे पाच हजारांच्या पुढे. पूर आलेल्या माणसाकडून पाच हजार! त्याच कंपनीची ग्लेशियर डीप आर्काइव्ह फार स्वस्त, पण फाईल मागितल्यावर बारा तास वाट पाहायची. गिऱ्हाईक काउंटरवर उभं असताना चालणार नाही.

बॅकब्लेझचीच बी२: टीबीला महिना ६ डॉलर, आणि साठवलेल्याच्या तिप्पट डेटा दर महिन्याला फुकट उतरवता येतो. ६५० जीबीला महिना ३३१ रुपये. केंद्रं अमेरिका, कॅनडा आणि अॅमस्टरडॅम, भारतात नाही. कायद्याला ते चालतं का, हा प्रश्न उरला.

अण्णा मागे उभे राहून वाचत होते. "आणि ती कंपनीच बुडाली तर?"

प्रश्न बरोबर आहे. मोझी ही अशीच बॅकअप सेवा २००५ ची, २००७ मध्ये ईएमसीने ७ कोटी ६० लाख डॉलरला घेतली, फेब्रुवारी २०११ मध्ये 'अमर्याद' योजना गुंडाळली, २०१८ मध्ये कार्बोनाइटने विकत घेतली आणि पुढे बंद केली. २०१९ च्या अखेरीस कार्बोनाइटलाच ओपनटेक्स्टने १४२ कोटी डॉलरला गिळलं. क्रॅशप्लॅन या दुसऱ्या सेवेने ऑगस्ट २०१७ मध्ये घरगुती ग्राहकांना सांगितलं की ऑक्टोबर २०१८ नंतर तुम्ही आमचे नाही. यातलं कुणी एका रात्रीत पळालं नाही, मुदत दिली होती. पण ज्याच्याकडे दुसरी प्रत नव्हती त्याला ती मुदत नव्याने सगळं चढवण्यात घालवावी लागली.

"म्हणजे विश्रामबागेतली डिस्क पाहिजेच," अण्णा. पाहिजेच. आणि बॅकअपचा प्रोग्रॅम कंपनीचा नको, सुटा हवा, म्हणजे उद्या जागा बदलली तरी तोच चालेल. रेस्टिक ठरवलं. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, आणि डेटा यंत्रावरच कुलूपबंद करून मग बाहेर पाठवतं.

२६ मे

सीएंना फोन. "कंपनी आहे का?" त्यांनी पहिलंच विचारलं. नाही, मालकी धंदा. मग ठीक. नोंदणीकृत कंपनी असती तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं बंधनकारक होतं; पूर्वी 'ठरावीक काळाने' होतं, ते 'रोज' झालं. मालकी धंद्याला तो नियम लागू नाही. म्हणजे बी२ पक्की.

जीएसटीचा मात्र लागू आहे. वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने नोंदी जपायच्या. आणि नियम ५७ म्हणतो की संगणकावर नोंदी ठेवणाऱ्याने असा बॅकअप ठेवावा की अपघातात किंवा नैसर्गिक कारणाने त्या नष्ट झाल्या तर वाजवी वेळात परत आणता येतील. अण्णांना वाचून दाखवलं. "सरकारला पुराचं आधीच माहीत होतं म्हणायचं."

सीए जाता जाता: परदेशी सेवेवर रिव्हर्स चार्जने जीएसटी तुम्हालाच भरायचा, क्रेडिट मिळेल. महिन्याला साठेक रुपयांसाठी. नोंद केली.

३० मे

चार दिवस कार्डात गेले. अण्णांचं सहकारी बँकेचं डेबिट कार्ड परदेशी व्यवहार करत नाही. दुसऱ्या बँकेचं करतं, पण आधी मोबाइलमधून 'आंतरराष्ट्रीय' चालू करावं लागतं आणि त्या अॅपचा पासवर्ड काकूंना माहीत, काकू नृसिंहवाडीला. शेवटी अण्णांच्या पुण्याच्या मुलाचं क्रेडिट कार्ड लावलं.

इथे एक खोच आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डावरून दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेला ग्राहकाची मंजुरी आधी नोंदवावी लागते. नसेल तर बँक व्यवहार परतवते. पैसे अडले की सेवा अडते, आणि दुकानात कुणाला पत्ता लागत नाही. बिलाचे मेल मुलाला, मला आणि अण्णांना, तिघांना जातील असं करायचं ठरलं. (करायचं ठरलं. पुढे १९ ऑगस्ट पाहा.)

२ जून

रेस्टिक बसवलं. बी२ वरचा साठा (चढवलेल्या सगळ्या प्रती) उघडताना पासवर्ड द्यावा लागतो, आणि तो हरवला तर डेटा कायमचा गेला. कंपनीकडेही दुसरी किल्ली नसते. अण्णांना नातीचं नाव आणि १२३ हवं होतं. पाच मराठी शब्द काढले, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. तीन चिठ्ठ्या: एक बँकेच्या लॉकरमध्ये, एक माझ्याकडे बंद पाकिटात, एक काकूंच्या देवघरातल्या पोथीत. "पोथी रोज उघडते मी, चिठ्ठी हरवायची नाही." छापखान्यात चौथी प्रत ठेवली नाही. पूर आला तर ती भिजेल, चोर आला तर त्याला सोय.

छापखान्यातल्या यंत्राला जी चावी दिली तिला फाईल कायमची पुसण्याचा अधिकार नाही. लिहू शकते, वाचू शकते, फार तर लपवू शकते. लपवलेलं परत काढता येतं. उद्या कुणी क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकून खंडणीवाला व्हायरस आणला, तरी तो आधीच चढवलेल्या प्रती खाऊ शकणार नाही. जुन्या प्रती छाटायची चावी माझ्या लॅपटॉपवर, महिन्यातून एकदा. ठेवायचं किती: रोजच्या चौदा, आठवड्याच्या आठ, महिन्याच्या चोवीस.

म्हाताऱ्याला इंटरनेटवर येऊ द्यायचं नाही, हा माझा हट्ट. त्याचा डेटा रोज रोबोकॉपीने (विंडोजमधलाच कॉपी करायचा प्रोग्रॅम) दादांच्या यंत्रावर येईल आणि तिथून वर जाईल.

४ जून

रात्री अकराची वेळ लावली होती. सकाळी पाहते तर दोन्ही दिवस काही झालेलं नाही. टास्क शेड्युलर तपासला, पॉवर सेटिंग तपासली, दीड तास गेला.

अण्णा रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडतात. तीस वर्षं. शेजारच्या कापड दुकानात शॉर्टसर्किटने आग लागली होती तेव्हापासून. कागदाच्या दुकानात हे शहाणपणच आहे, मी काय बोलणार? इन्व्हर्टरवर वेगळं यंत्र ठेवा म्हटलं तर, "इन्व्हर्टरपण मेननंतरच आहे."

मग दुपार. दीड ते चार दुकान अर्धं मिटलेलं असतं, अण्णा घरी जेवून आडवे होतात, दादा कीर्तन ऐकतात. दुपारी पावणेदोनची वेळ लावली. रेस्टिक चालत असताना फाईल उघडी असली तरी विंडोजची शॅडो कॉपी (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) घेऊन वाचतं, म्हणून दादांना काम थांबवावं लागत नाही. टॅलीचा स्वतःचा बॅकअप मात्र अण्णांनी जेवायला उठण्याआधी घ्यायचा, मग तो फोल्डर वर जाईल. उघडी टॅली तशीच उचललेली मला पटत नाही.

५ जून

अडचण दुसरी. केबलवाल्याच्या लाइनवर उतरायला ६० एमबीपीएस, चढायला फक्त ८. जाहिरातीत पहिला आकडा असतो, बॅकअपला दुसरा लागतो. ८ मेगाबिट म्हणजे सेकंदाला १ मेगाबाइट, तासाला ३.६ जीबी. दुपारच्या अडीच तासांत ९ जीबी. ६५० जीबीला ७२ दिवस. तोवर पूर येऊन जाईल.

पहिली खेप माझ्या घरून चढवायची. मिरजेत माझ्याकडे चढायला ४० मिळतं. नवी २ टीबीची बाहेरची डिस्क घेतली (सव्वासहा हजार, अण्णांनी दोनदा विचारलं), तिच्यावर सगळं उतरवून घेतलं आणि स्कूटरच्या डिकीत घालून मिरजेला आणलं. साठ्याच्या दृष्टीने डेटा कुठून आला याला महत्त्व नाही. नंतर छापखान्यातून तोच डेटा पाहिला की रेस्टिक म्हणतं, हे माझ्याकडे आहे, आणि फक्त नवं घेतं.

१० जून

चढलं. कागदावर चोवीस तासांचं काम, झाले तीन दिवस, कारण मिरजेत दोनदा वीज गेली. तुटलं तिथून पुन्हा सुरू झालं, हे बरं.

६५० चे ४३१ जीबी झाले. रेस्टिक फाईलचे साधारण मेगाबाइटभराचे तुकडे करतं आणि सारखा तुकडा एकदाच ठेवतं. एकच लग्नपत्रिका 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल पक्की', 'दादा हीच छापा' अशा नऊ जागी होती. मला वाटलं होतं याहून कमी होईल, पण कोरलची फाईल एक्स४ आवृत्तीपासून आतून झिप (दाबून बांधलेली) असते. एक अक्षर बदललं की जवळपास पूर्ण फाईल नवी दिसते. हुबेहूब प्रती गळाल्या, थोड्या बदललेल्या राहिल्या.

महिन्याचं बिल सव्वादोनशेच्या आसपास पडेल.

१५ जून

उतरवून पाहायचा दिवस. अण्णा खूश, पेढे आणून ठेवलेले.

मी माझा लॅपटॉप उघडला. समजा छापखाना बुडाला, हे नवं यंत्र आहे. साठ्यातून मागच्या महिन्याची एक लग्नपत्रिका आणि एक पतसंस्थेचा अहवाल काढला. चार मिनिटांत दोन्ही फाईली आल्या, आकार बरोबर, तपासणीचे आकडे जुळले. कोरल उघडलं.

गणपती होता, नारळ-कलश होता, नक्षीची चौकट होती. आणि 'शुभविवाह'च्या जागी रोमन अक्षरं, डॉलरचं चिन्ह, टिंबं, डोक्यावर स्वरचिन्हं घेतलेले ए आणि ओ. वराचं नाव वाचता येईना, वधूचंही नाही. अहवालाचं तर बोलायलाच नको, ताळेबंदाचे आकडे तेवढे शाबूत.

फाईल बिघडली नव्हती. श्री-लिपीचे जुने फॉन्ट युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी आजची पद्धत) आधीच्या पद्धतीचे आहेत: फाईलमध्ये 'श' लिहिलेला नसतो, रोमन अक्षराच्या जागेचा एक क्रमांक असतो, आणि त्या जागी 'श' काढण्याचं काम फॉन्ट करतो. फॉन्ट नसेल तर यंत्र जे दिसतं ते दाखवतं. आणि फॉन्ट कुठे असतात? विंडोजच्या फोल्डरमध्ये. जे मी स्वतः यादीतून वगळलं होतं, 'प्रोग्रॅम काय, पुन्हा टाकता येतात' म्हणत.

दादा मागून म्हणाले, "श्री-देव-०७०८ नाहीये ना तुमच्याकडे." एका नजरेत ओळखलं त्यांनी. गेल्या तीन आठवड्यांत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं की नव्या यंत्रावर काम सुरू करायला काय काय लागतं.

पेढे खाल्ले नाहीत. अण्णांनी डब्यात घालून दिले.

१६ जून

आज फक्त दादांजवळ बसले, वही घेऊन. ते सांगतील ते लिहायचं.

फॉन्टचे दोन्ही यंत्रांवरचे फोल्डर. श्री-लिपीची मूळ सीडी. तिची आयएसओ प्रत (अख्खी सीडी एका फाईलमध्ये) करून साठ्यात टाकली. कळफलकाची मांडणी, दादा टाइपरायटरवर शिकलेत, दुसऱ्या मांडणीवर त्यांची बोटं चालत नाहीत. कोरलमधले रंगांचे संच, कारण अमुक पतसंस्थेचा निळा 'तोच' निळा लागतो. प्लेट काढणाऱ्याकडे पाठवायच्या पीडीएफची सेटिंग. क्लिपआर्टचं फोल्डर, ज्यात गणपतीच बाराशे आहेत. म्हाताऱ्याची अख्खी डिस्कच प्रतिमेच्या रूपात उचलली, सुट्या फाईलींवर आता विश्वास नाही.

एवढं करून एक गोष्ट उरते: डोंगल. ते नसेल तर श्री-लिपी चालू होत नाही, आणि त्याची प्रत निघत नाही. हाताच्या बोटाएवढं प्लॅस्टिक. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं हे उत्पादन आहे, त्यांच्याकडे नव्या आवृत्तीची चौकशी करायची आहे. तोवर ते डोंगल हाच छापखान्याचा सर्वांत नाजूक भाग.

दादांनी स्वतःहून विचारलं, जुने साचे युनिकोडमध्ये आणता येतील का. येतील, हळूहळू. पाच पतसंस्थांचे अहवाल पुन्हा टाइप करायचेच आहेत, ते थेट युनिकोडमध्ये करू. त्यांच्या चेहऱ्यावर मे महिन्यापासूनचं ओझं थोडं उतरल्यासारखं वाटलं.

२३ जून

पुन्हा उतरवून पाहिलं. या वेळी खुर्चीत दादा, मी मागे उभी. कोऱ्या विंडोजपासून लग्नपत्रिका छापण्याजोगी होईपर्यंत ३ तास २० मिनिटं, यात म्हाताऱ्यामागचं डोंगल काढून आणायला गेलेली पाच मिनिटं धरली. टॅलीही उघडली, बॅकअप रिस्टोअर करून मार्चअखेरचा ताळेबंद अण्णांच्या छापील कागदाशी पैशापैशाने जुळला.

सगळंच परत आणायचं झालं तर? छापखान्याच्या लाइनवर ४३१ जीबी उतरायला सोळा तास. म्हणून घाईच्या कामाला विश्रामबागेतली डिस्क, आणि ऑनलाइन प्रत तिचाही घात झाला तर. त्या डिस्कची जोडीदार घेतली. दर शनिवारी एक येते, एक जाते.

अण्णांना वाटत होतं मी उगाच घाबरते. ३१ जानेवारी २०१७ ची गिटलॅबची हकीकत सांगितली. जगभरच्या प्रोग्रॅमरांचं काम सांभाळणारी कंपनी. रात्री दमलेल्या माणसाने चुकीच्या सर्व्हरवर डेटा पुसला. बॅकअपचे पाच प्रकार होते, एकही कामाचा निघाला नाही. रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्याने कधीचा बंद पडला होता, आणि तसं सांगणारे मेल वाटेतच नाकारले जात होते. कुणीतरी सहा तासांपूर्वी सहज घेतलेली प्रत होती म्हणून वाचले. "मग आपल्याला कोण सांगणार, बंद पडलं म्हणून?" अण्णांचा प्रश्न पुन्हा बरोबर. रोज साडेचारला अण्णांच्या व्हॉट्सअॅपवर एक ओळ येईल अशी सोय केली: किती फाईली, किती एमबी. ओळ आली नाही तर मला फोन.

१२ जुलै

सुरळीत. रोज सरासरी पाऊण जीबी. अण्णा ओळ वाचून 'ओके' लिहितात. यंत्राला.

२६ जुलै

चार दिवस पाऊस थांबलेला नाही. कोयनेतून पाणी सोडणार अशी बातमी. गावभागात माणसं पुलावर जाऊन फूट मोजून येतात आणि कट्ट्यावर सांगतात.

सकाळी गेले तर कागदाची रिमं माळ्यावर चढवणं चाललेलं. दादांनी म्हाताऱ्याचं डोंगल काढून अण्णांच्या हातात दिलं. पूर्वीची माणसं तिजोरीची किल्ली जानव्याला बांधायची. अण्णांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात घालून वर सेफ्टी पिन लावली. पावणेदोनऐवजी अकराला हाताने बॅकअप चालवला. संपला, मग यंत्रं उचलली.

काकूंचा फोन: पोथीतली चिठ्ठी जागेवर आहे.

२९ जुलै

पाणी उतरलं, आपल्या गल्लीपर्यंत आलंच नाही. यंत्रं पुन्हा खाली. अण्णा म्हणाले, "तुमचा तो ढग आमच्या काय कामाचा? आमचा ढग कोयनेत पडतो."

१९ ऑगस्ट

तीन दिवस ओळ नाही. अण्णांनी फोन केला नाही. अहवालांचा हंगाम, त्यांना वाटलं मी सुट्टीवर. यंत्राला सुट्टी असते हे मला माहीत नव्हतं.

कारण: मुलाचं कार्ड बदललं. बँकेने नवं पाठवलं, जुनं बंद, पैसे परतले, खातं गोठलं. इशाऱ्याचे मेल फक्त मुलाच्या पत्त्यावर गेले, कारण तिघांना जातील ही सोय मी ३० मे रोजी 'करायचं ठरवून' ठेवली होती. डेटा जागेवरच होता, नवीन चढत नव्हतं. नवं कार्ड, चालू. अर्ध्या तासात तीन दिवसांचं चढलं. मेलचे पत्ते त्याच बैठकीत घातले. ओळ न येणं अण्णांच्या लक्षात येईल हा भरवसा काढून टाकला; आता पाच वाजेपर्यंत ओळ नसेल तर माझ्याच फोनवर घंटी वाजते.

बिल पाठवलं नाही या फेरीचं.

७ सप्टेंबर

दुपारी सव्वातीन. दादांचा फोन, आवाज कोरडा. एका पतसंस्थेचा नवा अहवाल, ६४ पानं, युनिकोडमध्ये चार दिवस टाइप केलेला. दुसऱ्या पतसंस्थेसाठी तोच उघडून नाव बदलायला घेतला आणि 'सेव्ह अॅज'ऐवजी 'सेव्ह'. नंतर फाईल बंदही केली. तीस सप्टेंबरच्या आत सगळ्यांच्या वार्षिक सभा, उद्या मशीनवर जायचा होता.

"ताई, जाताय का तिकडे बघायला?"

मी मिरजेत, गिऱ्हाइकाकडे. म्हटलं, तुम्हीच काढा, वहीत लिहून दिलंय. फोन चालू ठेवून बसले. किल्ल्यांचा आवाज, मग शांतता, मागे कीर्तन चाललेलं. काल दुपारी पावणेदोनची प्रत, आजची पावणेदोनची प्रत. आजच्या प्रतीत चुकीचा सेव्ह व्हायच्या आधीची फाईल होती, कारण घोळ अडीचला झाला. नऊ मिनिटं लागली.

"नाव बरोबर आहे," दादा म्हणाले. "अध्यक्षांचा फोटोपण तोच आहे." आणि थोड्या वेळाने, "अण्णांना सांगू नका."

सांगितलं नाही. अण्णांनी साडेचारची ओळ वाचून 'ओके' लिहिलं.

उरलेली कामं: डोंगलबद्दल पुण्याला फोन. म्हाताऱ्याच्या डिस्कची प्रतिमा ऑक्टोबरमध्ये पुन्हा घ्यायची. काकूंच्या लॅपटॉपवर भिशीची फाईल पासवर्ड लावून ठेवली आहे, तो पासवर्ड मात्र कोणत्याच चिठ्ठीवर नाही. त्या सांगत नाहीत.